फ्ल्यूची सुई आणि आमची खोली

गेल्या पावसाळ्यात अंगात कणकण असतानाही मी कॉलेजात आले. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. एक तास बुडवणेसुद्धा जिवावर येते. रात्री नेहमीसारखी आजीच्या शेजारी झोपले. परळच्या बी. आय. टी. चाळीत आम्ही सहाजण एका खोलीत राहतो, दुसरीकडे झोपणार कुठे? तिसऱ्या दिवशी आजीला ताप भरला. तिला जुना दमा. नऊ दिवस ती इस्पितळात होती. अजूनही जिना चढताना मध्ये दोनदा बसते.

फ्ल्यू म्हणजे साधे पडसे नव्हे, हे मला तेव्हा कळले. त्याचा विषाणू खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून आणि हातांवरून पसरतो. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो दुसऱ्याला देऊ शकतो. जून १९१८ मध्ये मुंबईचे सात पोलीस शिपाई असेच तापाने पडले. पुढे ती साथ देशभर गेली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. तेव्हा फ्ल्यूवर लस नव्हती.

आज आहे. मात्र हा विषाणू सारखा रूप पालटतो, म्हणून सुई दरवर्षी घ्यावी लागते. तिचा गुण यायला सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पावसात साथ वाढते, तेव्हा मे महिन्यातच घेतलेली बरी. लस घेऊनही फ्ल्यू होऊ शकतो; पण दुखणे विकोपाला जाण्याचा धोका बराच कमी होतो. वृद्ध, लहान मुले, गरोदर बायका, दमा-मधुमेहाचे रोगी यांनी ती आधी घ्यावी.

आजी म्हणाली, "सुईनंच ताप येतो गं." टोचण्याच्या सुईत जिवंत विषाणू नसतो, एखादा दिवस दंड दुखतो, कधी अंग कोमट होते, एवढेच. पण तिला हसू नये. प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, तरी लोक बिचकतच होते. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळला आली, तीच आजची हाफकिन संस्था, आमच्या चाळीपासून चालत जाण्याजोगी. आमची चाळ बांधणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्टही त्याच प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झाला. हे सांगितल्यावर आजी तयार झाली. प्रश्न पैशांचा होता. बाबांनी तिच्या सुईचे दिले, माझ्या सुईचे मी शिकवण्यांतून जमवले. लोकलच्या गर्दीतून ताप घरी आणणारी मीच ना!

मित्रमैत्रिणींनो, ताप असेल तर वर्गात येऊ नका. वह्या मी देईन.

यंदा जुलैत मला पुन्हा ताप आला. तोंडाला रुमाल बांधून तीन रात्री मी बाहेर गॅलरीत अंथरूण टाकले. पावसाची झड आत येत होती. आजी दारातूनच विचारायची, "भिजलीस का गं?"