औषध तेच, वाहन वेगळे

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या कोणत्याही गावात पावसाळ्याच्या तोंडावर उकिरडे उपसले जातात आणि शेणखत शेतात पडते. कुजका पालापाचोळा, शेण, ओली माती यांत म्युकर वर्गातील बुरशीचे बीजाणू असतात. ते श्वासावाटे नाकात जातात, पण निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांचा बंदोबस्त करतात.

२०२१च्या उन्हाळ्यात मात्र करोना, आटोक्याबाहेरचा मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर हे तिन्ही एकत्र आले. ही बुरशी नाकातून सायनस, टाळू, डोळा आणि मेंदूपर्यंत पोहोचू लागली. मराठवाड्यातील घराघरांत ‘काळी बुरशी’ हा शब्द माहीत झाला आणि एका इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावाधाव सुरू झाली.

ते औषध होते अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. हे औषध काही नवे नव्हते. १९५०च्या दशकात मातीतल्याच एका जिवाणूपासून ते मिळाले. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. औषध त्याला चिकटते, आवरणाला भोके पडतात आणि बुरशी मरते. अडचण अशी की आपल्या पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉल त्याच कुळातले. त्यामुळे साध्या स्वरूपातील हे औषध मूत्रपिंडालाही इजा करते. हुडहुडी भरते, ताप येतो, रक्तातील पोटॅशियम घटते. रोग बरा होण्याआधीच कित्येकदा औषध थांबवावे लागते.

यावरचा उपाय म्हणजे लायपोसोम. पेशीच्या आवरणात असतात तशाच स्निग्ध पदार्थांची ही अतिसूक्ष्म पिशवी. शंभर नॅनोमीटरहून लहान अशा सुमारे हजार पिशव्या केसाच्या जाडीत शेजारी शेजारी बसतील. औषध या पिशवीच्या भिंतीत रुतून बसते, रक्तात मोकळे फिरत नाही आणि मूत्रपिंडात कमी जाते. बुरशीशी गाठ पडली की ते पिशवीतून सुटून तिच्या आवरणाला चिकटते. म्हणूनच साधे औषध किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास द्यावे लागते, तर लायपोसोममधले ५ मिलिग्रॅम देता येते. ६० किलोच्या रुग्णाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, आणि त्याही कित्येक दिवस. त्या वर्षी तुटवडा का पडला, हे या हिशेबावरून कळते.

परदेशी लायपोसोम महाग असल्याने भारतीय पर्याय शोधण्याचे काम मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठात प्रा. बी. के. बछावत यांनी फार आधीच हाती घेतले होते. त्यातून भारतीय बनावटीचे लायपोसोमल औषध बाजारात आले. बिहारमधील काळाआजारावर लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचा एकच डोस २०१४पासून राष्ट्रीय कार्यक्रमात दिला जाऊ लागला.

तरीही नॅनोकण म्हणजे जादू नव्हे. औषध चालू असताना क्रिएटिनिन व पोटॅशियमची तपासणी चुकवता येत नाही. सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो, कारण तिथला रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि रक्त न पोहोचणाऱ्या जागी औषधही पोहोचत नाही. मधुमेही व्यक्तीचा चेहरा एका बाजूने दुखला वा सुजला, नाकातून काळपट स्राव आला, दात हलू लागले किंवा एकाची दोन दिसू लागली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. आणि एरवी साखर नियमित तपासावी. बुरशी मातीत राहणारच. तिला शरीरात थारा मिळू नये, एवढे आपल्या हाती आहे.