थायरॉईडची प्रतिपिंडे : तपासणीचा अर्थ व मर्यादा

सालवड, बोईसर व तारापूर परिसरातील रुग्णांचे नातेवाईक अहवाल हाती घेऊन आम्हांस विचारतात, “अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग का?” या शंकेचे निरसन करणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

हा संसर्ग नव्हे. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, निर्माण करते. काही व्यक्तींत मात्र ही संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अवटू ग्रंथीला, अर्थात थायरॉईडला, परकी समजते. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये अशा ग्रंथींचे वर्णन केले. त्यामागील प्रतिपिंडांचा शोध लंडनमधील संशोधकांना १९५६ मध्ये लागला.

या प्रतिपिंडांचे कार्य एकसारखे नसते. टीपीओ प्रतिपिंडे ही प्रामुख्याने ग्रंथीवरील हल्ल्याची साक्षीदार होत. ग्रंथी हळूहळू क्षीण झाल्यास थकवा, बद्धकोष्ठता, वजनवाढ व पाळीच्या तक्रारी उद्भवतात. याउलट ग्रेव्ह्ज विकारातील प्रतिपिंडे ग्रंथीला अखंड चालना देतात. त्यामुळे छातीत धडधड, हातांना कंप व वजनात घट होते, काहींचे डोळेही बाहेर आल्यासारखे दिसतात.

केवळ टीपीओ प्रतिपिंडे आढळली म्हणून गोळी सुरू करावी लागतेच असे नाही. अनेक निरोगी स्त्रियांतही ती आढळतात. टीएसएच योग्य असल्यास साधारणपणे वर्षातून एकदा ती तपासणी पुरेशी ठरते. गोळीची मात्राही टीएसएचवरून ठरते. म्हणून टीपीओ तपासणी वारंवार करण्यात रुग्णाचा वा दात्यांचा पैसा खर्ची घालणे उचित नव्हे.

गर्भारपणी मात्र हयगय नको. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असते. अशा मातांनी दिवस राहताच, शक्यतो त्यापूर्वीच, डॉक्टरांना भेटावे.

गोळी पहाटे रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्यावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. अहवाल सुधारला म्हणून ती परस्पर बंद करू नये, कारण तो सुधार बहुधा गोळीमुळेच असतो. आयोडीनयुक्त मीठ सोडू नये आणि आयोडीनची जादा औषधेही मनाने घेऊ नयेत.

दात्यांच्या साहाय्यातून होणारी प्रत्येक तपासणी योग्य रुग्णाला योग्य वेळी मिळावी, हीच आमची धारणा आहे.