सुरीचे म्यान

आपल्या मुलखातील बहुतेक धारदार हत्यारांना म्यान नसते, आणि त्याचे कारण त्यांच्या वापराच्या रीतीतच आहे. काम संपताच विळी आडवी करून भिंतीकडे सरकवली जाते, विळा कुडाच्या फटीत खोवला जातो, कोकणातला शेतकरी कोयती कमरेमागच्या आकडीला अडकवून रानात जातो; या साऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि घरातील लहानथोर त्या ओळखून असतात. म्यानाची गरज पडते ती माणसाच्या अंगाशी राहून प्रवास करणाऱ्या पात्याला. तलवारीसाठी लाकडाच्या दोन पातळ फळ्या जोडून त्यांवर कातडे किंवा मखमल चढवीत आणि तोंडाशी व टोकाशी धातूची टोपणे बसवीत. सिलेखान्यांबरोबर ती विद्याही बहुतांशी मागे पडली. आखूड सुरीला मात्र लाकडाचा आधार लागत नाही, नुसते चामडे तिला पुरते; आणि असे म्यान हाताने कसे घडते, हे मी कोल्हापुरात, चपला करणाऱ्या एका वयोवृद्ध कारागिराच्या बैठकीशेजारी बसून पाहिले.

या कामाचा निम्मा निकाल चामड्याच्या निवडीतच लागतो. आज बाजारात येणारे बहुसंख्य चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ आणि लवकर तयार होणारे असले, तरी दिलेला आकार धरून बसणे त्याच्या स्वभावात नाही. म्यानाला हवे ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या कषायात कित्येक दिवस मुरलेले चामडे. कोल्हापुरी चपलेचा लौकिक झाला तो याच चामड्यावर. ते कमावण्याचे कसब ढोर समाजाने आणि त्यापासून वस्तू घडवण्याचे चर्मकार समाजाने पिढ्यानपिढ्या जतन केले; ज्या गावाने त्यांच्या हातच्या वहाणा आणि मोटा निःसंकोच वापरल्या, त्याच गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले, ही गोष्ट या हुन्नराची तारीफ करताना विसरता येत नाही. मामांनी, कारण त्या गल्लीत त्यांना सारे मामाच म्हणतात, पोटाकडचे सैल चामडे चाचपून बाजूला सारले आणि पाठीकडचा, सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा घट्ट तुकडा पसंत केला. पोटाकडचे चामडे ताणले जाते, आणि ताणलेले म्यान वाहणाऱ्याला खोटा भरवसा देते.

कागदावर सुरी ठेवून त्यांनी तिची रेषा काढली, पात्याच्या पाठीशी कागद दुमडून दुसरी बाजू उमटवली, आणि पात्याची जाडी व शिवणीची कड यांसाठी जागा सोडून साचा कापला. चामड्यावर एकदा टेकवलेली रापी वळणाच्या शेवटापर्यंत उचलली नाही, कारण मध्येच थांबलेल्या कापाची पायरी कडेवर कायमची राहते. कमरपट्टा ओवण्याचा पट्टा त्यांनी सर्वांआधी शिवून घेतला; म्यान बंद झाल्यावर तेथे सुई पोचत नाही.

पण या कामाचे खरे मर्म आहे ते बाहेरून जवळजवळ न दिसणाऱ्या एका पट्टीत. धारेच्या बाजूला, चामड्याच्या दोन पदरांच्या मध्ये, त्याच चामड्याची एक अरुंद पट्टी चिकटवून तिन्ही पदर एकत्र शिवले जातात. सुरी आतबाहेर करताना तिची धार कोठेतरी टेकणारच. ही पट्टी नसेल तर ती थेट दोऱ्याला टेकते, रोज थोडा थोडा दोरा कापीत जाते, आणि एके दिवशी उसवलेल्या शिवणीतून मांडीपर्यंत पोचते. “पात्याला दोरा दिसला, की शिवण गेलीच समजायची,” मामा म्हणाले. लोहाराचे लक्ष पाते काय कापील यावर असते; म्यान करणाऱ्याला ते चुकून काय कापील याचा हिशेब आधीच करावा लागतो.

शिवणीतही तीच दूरदृष्टी आहे. दोरा चामड्याच्या पृष्ठभागाखाली बसावा आणि घासला जाऊ नये म्हणून प्रथम एक उथळ चर कोरला जातो. मग आरीने समान अंतरावर भोके पाडून, मेणवलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना ओवलेल्या दोन सुया प्रत्येक भोकातून समोरासमोर पार केल्या जातात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शेजारचे टाकेही सुटू लागतात. येथे मात्र दोरा दोन्ही बाजूंनी भोकाभोकांतून गेलेला असल्याने एखादा टाका झिजला तरी बाकीचे आपली जागा सोडीत नाहीत.

शिवलेले म्यान कोमट पाण्यात बुडवून, त्यातून बुडबुडे येणे थांबल्यावर बाहेर काढले. सुरीला मेण चोळून, पातळ प्लास्टिक गुंडाळून ती आत सरकवली, आणि मामा अंगठ्यांनी व हाडाच्या गुळगुळीत पट्टीने चामडे मुठीच्या फुगवट्याभोवती दाबू लागले. सुरी जागेवर राहते ती या फुगवट्याच्या पकडीने. नंतर सुरी काढून म्यान सावलीत वाळवले, कारण ओले चामडे उन्हात किंवा शेकोटीपाशी ठेवले तर आक्रसून ठिसूळ होते. कड लाकडी दांडीने घासून मेणाने बंद केल्यावर परीक्षा एकच: म्यान उलटे धरून झटकले तरी सुरी पडता कामा नये, आणि काढताना एक हात पुरावा.

पैसे देऊन मी निघालो, तेव्हा मामांनी आपण होऊन बजावले, “घरी गेल्यावर सुरी आत ठेवू नगासा, म्यान वाटेपुरतं.” ज्या कषायाने हे चामडे टणक होते, तोच लोखंडावर काळे डाग पाडतो, हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच संयोगातून होत असे. चामडे हवेतला ओलावाही धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात बंद म्यानातले पाते पाहता पाहता गंजते. आपल्या मालाची मर्यादा गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगणे, हाही त्या पट्टीइतकाच या हुन्नराचा भाग असला पाहिजे. दुसऱ्याच्या हातून पुढे केव्हातरी होणाऱ्या हलगर्जीपणाची तजवीज करून जो टाका घालतो, त्याला आपली जबाबदारी दाम हाती पडताच संपली असे मानता येत नाही.