कथेचा उंबरठा

साकोलीकडे, झाडीपट्टींत, नाटक रात्रीं उशिरा सुरू होऊन पहांटेपर्यंत चालतें. इतक्या लांबच्या खेळाला आरंभीं घाई कशाला, असें वाटणें साहजिक आहे. पण रात्र मोठी असली म्हणून प्रेक्षकाचा धीरही मोठा असतो असें नाहीं. पहिल्या प्रवेशांतच त्याचें मन गुंतलें पाहिजे.

कालिदासानें हें जाणलें होतें. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेंत नटीच्या गाण्यानें सूत्रधार नाटकच विसरतो, पुढें दुष्यंत शकुंतलेस विसरणार, याची ती चाहूलच होय.

आजच्या कथाप्रधान व्हिडिओ गेमपुढें हाच प्रश्न अधिक बिकट होऊन उभा आहे. प्रेक्षक नुसता पाहत बसतो. खेळणाऱ्याचे हात रिकामे राहिले कीं त्याचें मन उठतें. २०१३ सालच्या ‘द लास्ट ऑफ अस’मध्यें आरंभीं आपण एक मुलगी होऊन रात्रीं घरांत बापाला शोधतों, थोड्याच वेळानें ती मरते. मग बापाचें मन कठोर कां झालें, हें सांगावें लागत नाहीं.

मुलांना धीर नाहीं, असें म्हणण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं कथेचा उंबरठा पाहावा. आधीं जिव्हाळा, मग माहिती, हा क्रम आम्हांस दोन्हीं ठिकाणीं सारखाच दिसतो.