आरएफ आला, आता वाटून घ्यायचा का?

परवा हरिहरेश्वरला एका समूहाच्या बैठकीला गेले होते. पासबुकात ३०,००० रुपये जमा झालेले. एक ताई म्हणाली, "मॅडम, आम्ही दहाजणी. तीन-तीन हजार वाटून घेऊ का?"

नाही हो! आरएफ म्हणजे रिव्हॉल्विंग फंड, आपला फिरता निधी. 'रिव्हॉल्व्ह' म्हणजे फिरणं. देवळाची प्रदक्षिणा जिथून सुरू केली तिथेच पुरी होते ना? तसाच हा पैसा समूहातून निघून समूहातच परत यायला हवा.

हिशोब बघा. तिघींना दहा-दहा हजार कर्ज दिलं. एकीला कोकमासाठी, एकीला सुक्या मासळीसाठी, एकीला पर्यटकांच्या जेवणासाठी. प्रत्येकीने महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडलं, तर चार महिन्यांत १२,००० जमतात. चौथीचा नंबर लागला! वरचं व्याजही समूहाचंच.

हा निधी समूहाने 'उमेद'ला परत करायचा नसतो, म्हणून तो फुकटचा वाटतो. पण सदस्याने समूहाला परत द्यायचाच असतो. ग्रामसंघाकडून येणारा सीआयएफ, म्हणजे समुदाय गुंतवणूक निधी, वेगळा. तो समूहाने ग्रामसंघाला व्याजासह फेडायचा.

वाटून घेतलेले तीन हजार सणासुदीत संपतात. शिवाय बँक कर्ज देताना आपली अंतर्गत कर्जाची परतफेड बघते. वहीत तीच नसेल तर काय दाखवणार?

त्या बैठकीत शेवटी प्रश्न बदलला, "आधी गरज कोणाला?" तुमच्याही बैठकीत हाच विचारा.