मुदत मागणारा मुष्टियोद्धा

बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील पहिल्या पाळीची माणसे घरी परतून चहापाणी उरकली की पत्र्याच्या एका लांबट छपरीत मुष्टियुद्धाचा सराव सुरू होतो. रसायनांचा उग्र दर्प आणि घामाने भिजलेल्या हातमोज्यांचा वास, यांपैकी अधिक सुसह्य कोणता याचा निर्णय न होताच पाहणारा तेथे स्थिरावतो. सराव करणाऱ्यांत एक गृहस्थ चाळिशी केव्हाच ओलांडलेले आहेत; तरुणपणी फौजेच्या संघातून लढलेले आणि आता एका कारखान्यात पाळीपाळीने राबणारे. पोरे त्यांना 'काका' म्हणतात, आणि त्यांच्याशी जोड लागली की तोंड वाकडे करतात.

या नाराजीचे कारण जवळून पाहण्याजोगे आहे. पहिल्या फेरीत काका डाव्या हाताचे मोजके, सरळ ठोसे मारून आपला आब राखतात. परंतु दुसऱ्या फेरीच्या मध्यास श्वास तोकडा पडू लागला, की समोरच्याचा ठोसा अर्ध्या वाटेवर असतानाच ते मागे न सरता एक पाऊल पुढे येतात, त्याची दोन्ही कोपरे आपल्या काखांत दाबून धरतात, कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवतात आणि देहाचा सारा भार त्याच्या मानेवर सोडून देतात. पाहणाऱ्यास ही दमलेल्या माणसाची मिठी वाटते. वास्तविक दमत असतो तो भार वाहणारा तरुण. पंच 'ब्रेक' म्हणेपर्यंत चार-पाच श्वास पदरात पडतात. त्यातही पंच ज्या बाजूस उभा असेल ती बाजू मोकळी दिसावी आणि आवळलेला हात त्याच्या दृष्टीआड राहावा, अशा बेताने काका हळूच वळून घेतात, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. पुढे माउथगार्ड गळून पडते, मोज्याचा पट्टा सुटतो, आणि हे सारे निष्फळ ठरल्यास ठोसा कमरेखाली लागल्याची तक्रार गुदरली जाते.

"काका, लढा ना!" एका पोराने एकदा चिडून म्हटले.

"लढतोच आहे की रे," काका त्याच्या खांद्यावरूनच उत्तरले.

पालघरच्या कचेरीत कज्जेदलाल मंडळी ज्या सहजतेने तारखेमागून तारीख मागून घेतात, तीच सहजता मला या वर्तनात दिसते; आणि मुदत मागणारा पक्षकार दावा सोडून देत आहे, असे कोणताही अंमलदार आपल्या दफ्तरात नोंदवणार नाही. राजीनामा आणि तहकुबीचा अर्ज हे दोन निराळे कागद आहेत. अर्थात, तहकुबीमागून तहकुबी मागणाऱ्याचा दाव्यावरचा विश्वास उडाला असण्याचा संभव असतोच, आणि खरा वाद तेथेच आहे.

याच वादाचे मोठे प्रकरण 19 एप्रिल 2008 रोजी लास वेगास येथे घडले. त्रेचाळीस वर्षांच्या बर्नार्ड हॉपकिन्सने जो कॅलझागी यास पहिल्याच फेरीत खाली पाडले, परंतु पुढे त्या वेगवान प्रतिस्पर्ध्याच्या माऱ्यास आवर घालण्यासाठी वारंवार मिठ्या मारल्या, आणि दहाव्या फेरीत कमरेखाली ठोसा लागल्याचे सांगून चांगली विश्रांती पदरात पाडून घेतली. व्यावसायिक मुष्टियुद्धात अशा दुखापतीनंतर सावरण्यास पाच मिनिटांपर्यंत अवधी मिळू शकतो, हे त्या मुरब्बी माणसास ठाऊक नसते तरच नवल. अनेकांनी त्यास पलायन म्हटले. तथापि विश्रांती संपताच तो उठला, बारावी फेरी संपेपर्यंत उभा राहिला आणि तीन पंचांपैकी एकाचा कौल मिळवून हरला. 2011 साली मॉन्ट्रियल येथे जीन पास्कलला हरवून तो छेचाळिसाव्या वर्षी जगज्जेता झाला. त्या लढतीत सातव्या फेरीपूर्वी त्याने रिंगणातच जोर काढून दाखवले होते. हा भाग मात्र मला निखालस नाटकी वाटतो.

उलट 28 जून 1997 रोजी माइक टायसनने इव्हँडर होलिफील्डच्या कानाचा चावा घेतला, त्यात मुदतीची मागणीच नव्हती. टायसन स्वतःस बाद करवून घेईल, असे त्याचा एकेकाळचा प्रशिक्षक टेडी ॲटलस याने आधीच वर्तविले होते. नियमभंग येथे बाहेर पडण्याचा दरवाजा झाला. नोव्हेंबर 1980 मध्ये रॉबर्टो डुरान शुगर रे लेनर्डपुढे आठव्या फेरीत पाठ फिरवून मोकळा झाला, त्याने तर नियमाचाही आडपडदा ठेवला नाही, आणि मला तो या दोघांत अधिक प्रामाणिक वाटतो.

तेव्हा माझी कसोटी इतकीच, की लबाडीने मिळवलेल्या क्षणांचे तो मनुष्य करतो काय. आपल्याकडे जत्रेतील तांबड्या मातीत वयस्क मल्ल पोटावर पालथा पडून राहतो आणि कुस्ती बरोबरीत सुटण्याची वाट पाहतो, तेव्हा प्रेक्षक हुर्यो करतात; पण तोच मल्ल अंगावर स्वार झालेल्या तरुणाचा हात अचानक ओढून त्याला खाली घेतो, तेव्हा हुर्यो करणारेच फेटे उडवतात. काकांचेही तसेच आहे. चार श्वास मिळाले, की मिठी सुटता सुटता त्यांचा उजवा हात आखूड कमानीने बरगडीवर येतो, आणि तो ठोसा त्या संध्याकाळचा सर्वोत्तम असतो. मिठी सुटल्यावर केवळ दुसऱ्या मिठीची वाट पाहत उभे राहिलेले काकाही मी पाहिले आहेत. पाठोपाठ दोन रात्रपाळ्या केल्यानंतरच्या त्या संध्याकाळी ते लढत नव्हते, हे मला मान्य करावे लागेल.

अलीकडे प्रशिक्षकांनी पोरांस मिठीतून सुटण्याचा स्वतंत्र सराव देऊ केला आहे: गुडघे वाकवून कंबर खाली घ्यायची, कोपर आतल्या बाजूने फिरवून मोकळे करायचे आणि बाजूस सरकून मारायचे. परवा एका पोरास ते नेमके साधले. ठोसा पट्ट्याच्या चांगला वीतभर वर लागला, असे माझे मत आहे. पण काका तत्काळ वाकले, पंचांकडे पाहून त्यांनी खाली बोट दाखवले, आणि पंचांनी त्यांना अर्धा मिनिट मंजूर केला.