बर्गनमधले साडेचार तास, आणि हवामान अंदाजाची एक गोष्ट

"चार वाजता सगळे आत. तू राहिलीस तर जहाज थांबायचं नाही हां," दादाने तिसऱ्यांदा बजावलं. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मूळचा रत्नागिरीचा, गेली कित्येक वर्षं क्रूझ जहाजांच्या किचनमध्ये शेफ आहे. त्याच्या जहाजावर घरच्यांना सवलतीच्या भाड्यात प्रवास करता येतो. एरवी फेलोशिपवर महिना काढणारी माझ्यासारखी मुलगी नॉर्वेच्या बर्गन बंदरावर कशाला उतरतेय! तर जुलै महिना, सकाळचे साडेअकरा, हातात साडेचार तास आणि वरून पाऊस.

पावसाबद्दल तक्रार नव्हती. माझ्या पीएच.डी.चा विषयच सह्याद्रीतला पाऊस आहे. आणि आज टीव्हीवर हवामानाचा नकाशा दाखवताना जी भाषा वापरतात, तिचा बराच भाग याच शहरात तयार झाला. म्हणून माझी यादी बाकीच्या प्रवाशांपेक्षा जरा वेगळी होती.

धक्क्यावरून चालत निघालं की आधी बर्गनहूसचा किल्ला लागतो आणि दहाएक मिनिटांत ब्रिगेन. ब्रिगेन म्हणजे बंदराला लागून असलेली उतरत्या छपरांची लाकडी घरं. हान्सा संघाचे जर्मन व्यापारी इथे काही शतकं राहिले. १७०२ च्या आगीत जवळजवळ सगळं जळालं, मग जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधलं. १९७९ पासून हा जागतिक वारसा आहे. इथला मुख्य धंदा सुक्या कॉड माशाचा. उत्तरेकडच्या थंड वाऱ्यात मीठ न लावता, लाकडी मांडवांवर टांगून हा मासा वाळवतात. दादाच्या भाषेत "ह्यांचे बोंबील". मासा पकडायला शांत समुद्र हवा, वाळवायला कोरडा वारा हवा. म्हणजे या शहराचं पोट पहिल्यापासून हवामानावरच अवलंबून होतं.

तिथून जवळच फ्लॉयेन डोंगरावर जाणारी रेल्वे सुटते. केबलने ओढली जाणारी ही गाडी १९१८ साली सुरू झाली. काही मिनिटांत ती आपल्याला ३२० मीटर उंचीवर नेऊन सोडते. वर ढग होते, पण मधूनच फट पडायची आणि खाली सगळं शहर दिसायचं. पश्चिमेला समुद्राची बाजू, आणि बाकी डोंगरांचा वेढा.

हे चित्र मला ओळखीचं वाटलं. समुद्रावरून ओलसर वारा येतो, डोंगराला आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि त्यातल्या वाफेचं पाणी होतं. आपल्या घाटमाथ्यावर हेच घडतं. बर्गनला वर्षाला साधारण २२५० ते २५०० मिमी पाऊस पडतो. पुण्यात सातशेच्या आसपास, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. म्हणजे आकड्यात महाबळेश्वरच पुढे, पण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो. बर्गनचा वर्षभर ठिबकत राहतो. २००६ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला पाऊस इथे सलग ८५ दिवस रोज हजेरी लावत होता.

मग प्रश्न पडतो की इथे पाऊस आणतं कोण? डोंगर नुसता वाऱ्याला वर ढकलतो. मुळात तो ओला वारा वारंवार का येतो? याचं उत्तर शोधायला मी डोंगर उतरले आणि शहर ओलांडून वीस-पंचवीस मिनिटं चालत विद्यापीठाच्या भूभौतिकी संस्थेपाशी गेले. रविवार होता, दार बंद. इमारत १९२८ सालची. मी बाहेरच छत्री धरून उभी राहिले. आता गोष्ट सांगते.

१९१७ साली विल्हेल्म ब्यर्कनेस हे भौतिकशास्त्रज्ञ जर्मनीतल्या लाइपझिगहून बर्गनला आले. त्यांनी १९०४ सालीच एक मोठी कल्पना मांडली होती. आत्ताच्या वातावरणाची नेमकी स्थिती कळली आणि भौतिकशास्त्राचे नियम माहीत असले, तर उद्याचं हवामान गणिताने काढता आलं पाहिजे. आज सुपरकॉम्प्युटर हेच करतात. पण तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, आणि ब्यर्कनेस आले तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं.

नॉर्वे युद्धात नव्हता, तरी झळ लागलीच. हवामानाची माहिती हे लष्करी गुपित झालं. ब्रिटनकडून तारेने येणारे आकडे बंद झाले. नॉर्वेचं हवामान पश्चिमेकडून येतं, आणि नेमकी तीच खिडकी बंद! त्यात धान्याची आयात अडखळली, देशात टंचाई. शेतकऱ्याने कापणी कधी करावी, कोळ्याने होडी कधी काढावी, हे चुकणं परवडणारं नव्हतं.

ब्यर्कनेस यांनी काय केलं? बाहेरची माहिती मिळत नाही ना, मग घरातली वाढवू. पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांचं दाट जाळं उभारलं. दीपगृहांचे रखवालदार, कोळी, किनाऱ्यावरची साधी माणसं वारा, ढग, दाब, पाऊस टिपून तारेने कळवू लागली. १९१८ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांसाठी रोजचे अंदाज सुरू झाले.

आणि मग गंमत झाली. केंद्रं विरळ असताना नकाशावर वादळ म्हणजे कमी दाबाचं एक गोलसर वर्तुळ दिसायचं. केंद्रं दाट झाल्यावर त्या वर्तुळात रेषा दिसू लागल्या. रेषेच्या एका बाजूला उबदार हवा, दुसऱ्या बाजूला थंड, आणि पाऊस बराचसा त्या रेषांच्या आसपास. विल्हेल्म यांचा मुलगा याकोब तेव्हा जेमतेम विशीत होता. १९१९ साली त्याने वादळाच्या या रचनेवर छोटासा शोधनिबंध लिहिला. पुढे या रेषांना 'फ्रंट' हे नाव मिळालं, म्हणजे आघाडी. युद्धाचे दिवस होते, दोन फौजा समोरासमोर भिडाव्यात तशा दोन हवा भिडतात, म्हणून हा शब्द.

फ्रंट समजून घ्यायला आंघोळीची बादली पुरे. बंबातल्या कडकडीत पाण्यात विसण घाला आणि तांब्याने ढवळू नका. वरचं पाणी हाताला चटका देतं, तळ गारच राहतो. गरम आणि गार पाणी पटकन मिसळत नाही; हलकं गरम पाणी वर राहतं. हवेचंही तसंच. नैऋत्येकडून आलेली उबदार, ओली हवा समोरच्या जड थंड हवेवर उतरणीवरून चढावी तशी चढते. त्यातून लांबलचक रिमझिम मिळते. मागून येणारी थंड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते आणि तिला झटक्यात वर उचलते. तेव्हा जोराच्या सरी येतात. अटलांटिकवरून असे फ्रंट एकामागून एक येतात आणि बर्गनच्या डोंगरांना धडकतात. म्हणून ती ८५ दिवसांची हजेरी.

मग आपल्या मान्सूनमध्येही फ्रंट असतात का? नाही. उष्ण कटिबंधात जवळजवळच्या हवांच्या तापमानात एवढा फरकच नसतो. बर्गनची ही भाषा आपल्या जुलैला लागू पडत नाही.

तरीही एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले. मान्सून कधी दगा देणार हे आधी कळावं, यासाठी त्यांनी जगभरचे आकडे पिंजून काढले. हिंदी महासागर आणि पॅसिफिक यांच्यावरच्या हवेच्या दाबात सी-सॉसारखी झुलती जोडी आहे, हे त्यांना दिसलं. पण ती का झुलते, हे कळलं नव्हतं. १९६९ साली त्याचा एल निन्योशी असलेला दुवा उलगडला तो याकोब ब्यर्कनेस यांनी, तोवर अमेरिकेत स्थायिक झालेल्या. दर वर्षी 'एल निन्यो येणार, पाऊस कमी होणार' अशी बातमी येते ना, तिच्यामागे वॉकर यांचे भारतातले आकडे आणि बर्गनमध्ये घडलेला एक माणूस, असे दोघे आहेत. आणि योगायोग बघा, १९२८ सालीच आपल्या हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. पुणेकर आजही त्या चौकाला सिमला ऑफिस म्हणतात.

हे सगळं मला का महत्त्वाचं वाटतं? २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस, म्हणजे पुण्याच्या वर्षभराच्या पावसाच्या जवळपास. त्या दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, पाटण तालुक्यातही गावं गाडली गेली. बर्गनलाही सप्टेंबर २००५ मध्ये एका दिवसात १५० मिमीहून जास्त पाऊस झाला आणि दरडीखाली माणसं गेली. डोंगर तिथलेही माफ करत नाहीत.

सह्याद्रीत अडचण अशी की पाऊस काही किलोमीटरवर बदलतो. महाबळेश्वरहून वाईला उतरलं की साडेपाच हजारांचा आकडा हजाराच्याही खाली येतो. मधल्या एखाद्या वाडीवर रात्रीत किती पडला, हे तिथे पर्जन्यमापक नसेल तर कुणालाच कळत नाही. उपग्रह आहेत, रडार आहेत, मॉडेल आहेत. पण रडारला डोंगर आडवे येतात, आणि मॉडेल बरोबर की चूक हे शेवटी जमिनीवरचा आकडाच सांगतो. विरळ जाळ्यातून वर्तुळ दिसतं, दाट जाळ्यातून रेषा. बर्गनमध्ये १९१८ साली हेच कळलं, आणि मला वाटतं घाटात आपल्याला अजून ते नीट करायचंय.

संस्थेच्या कुंपणाआड एक पर्जन्यमापक दिसला. त्याचा फोटो काढला आणि धावत धक्क्यावर पोचले. पावणेचार. दादा वैतागून उभा. जहाजाच्या वाय-फायवर फोन लागला तेव्हा एक मेसेज आलेला होता. आमच्या गटाने पाटणच्या एका गावात साधा पर्जन्यमापक बसवलाय. तिथले गुरुजी रोज सकाळी साडेआठला तो वाचतात, शाळेत जाण्याआधी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

मेसेजमध्ये एवढंच होतं: "११२ मिमी. ओढा भरून वाहतोय. खालच्या आळीला सांगितलंय."